विद्यापीठ तटस्थ कुणासाठी?

विद्यापीठाने राजकारणापासून चार हात दूर राहावे, प्राध्यापकाने आपला विषय शिकवावा आणि मुकाट्याने घरी जावे, हा उपदेश जुनाच आहे. मात्र तो नेहमी एकाच बाजूला केला जातो, ही गोष्ट सहसा कुणी बोलून दाखवत नाही. आवारात एखाद्या भांडवलदाराच्या नावाची इमारत उभी राहिली, पदवीदान समारंभात मंत्रिमहोदयांचे तासभर भाषण झाले, कारखानदारांच्या गरजेबरहुकूम अभ्यासक्रम बदलले, तर त्याला राजकारण म्हटले जात नाही. त्याच आवारात एखाद्याने शेतमजुराच्या मजुरीचा प्रश्न काढला की विद्येचे पावित्र्य एकाएकी धोक्यात येते. म्हणजे तटस्थतेचा व्यवहारातील अर्थ एवढाच, की जे चालले आहे ते चालू द्यावे.

या उपदेशाचा शेवट कोठे होतो हे पाहावयाचे असेल, तर मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या देशातल्या एका मानसशास्त्राच्या प्राध्यापकाचा इतिहास तपासावा. इग्नासियो मार्तिन-बारो हे त्यांचे नाव. १६ नोव्हेंबर १९८९ रोजी पहाटेपूर्वी त्यांच्याच विद्यापीठाच्या हिरवळीवर सरकारी सैनिकांनी त्यांना गोळ्या घालून ठार केले. त्यांच्याजवळ शस्त्र नव्हते. त्यांचा व्यवसाय अध्यापनाचा होता आणि त्यांचे मुख्य साधन होते लोकांना विचारावयाच्या प्रश्नांची एक छापील यादी. हे साधन एका सुसज्ज लष्कराला असह्य का झाले, याचा शोध घेतला की तटस्थतेच्या उपदेशातील खोट आपोआप उघडी पडते.

कॉफीवाल्यांचे विद्यापीठ

एल साल्वादोर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या जेमतेम पंधराव्या हिश्श्याएवढा देश. विसाव्या शतकात त्याची अर्थव्यवस्था कॉफीवर आणि कॉफीची जमीन मूठभर घराण्यांच्या हाती. १९३२ साली शेतमजुरांनी उठाव केला तेव्हा जनरल मार्तिनेस यांच्या लष्करी राजवटीने जी कत्तल केली, तीत दहा हजारांपासून तीस हजारांपर्यंत माणसे मारली गेल्याचे अंदाज आहेत. त्या देशाच्या भाषेत ती घटना नुसती ‘कत्तल’ म्हणूनच ओळखली जाते. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे जमीनदारांची तिजोरी आणि लष्कराची बंदूक यांचा संसार सुखाने चालला.

या संसारात विद्यापीठांचे स्थान काय होते? राष्ट्रीय विद्यापीठातील विद्यार्थी आणि अध्यापक अस्वस्थ होऊ लागताच १९७२ साली लष्कराने तेथे घुसून ते ताब्यात घेतले. ३० जुलै १९७५ रोजी राजधानी सान साल्वादोरमध्ये विद्यार्थ्यांच्या मोर्चावर गोळीबार झाला. २६ जून १९८० रोजी सैन्य पुन्हा आवारात शिरले आणि १९८४ पर्यंत तेथून हलले नाही. जी राजवट प्राध्यापकांना राजकारणापासून दूर राहण्यास सांगत होती, तिने स्वतः मात्र विद्यापीठात चार वर्षे छावणी ठोकली.

राष्ट्रीय विद्यापीठ ‘लाल’ झाले अशी हाकाटी करणाऱ्या धनिकांना आपल्या मुलांसाठी एक निर्धोक संस्था हवी होती. १९६५ साली जेसुइट पाद्रींच्या व्यवस्थापनाखाली ‘मध्य अमेरिकन विद्यापीठ’ स्थापन झाले ते या अपेक्षेतून. ‘उका’ या आद्याक्षरी नावाने ते ओळखले जाते. परंतु इतिहासाचा विनोद असा, की धनिकांनी स्वतःच्या सोयीसाठी उभारलेली ही संस्थाच त्यांच्या डोळ्यांत सलू लागली. १९७६ साली लष्करी राष्ट्राध्यक्ष मोलिना यांनी जमीनसुधारणेची एक अगदी मर्यादित योजना जाहीर केली. ‘उका’ने तिला पाठिंबा दिला. जमीनदारांनी डोळे वटारताच सरकारने शेपूट घातली. तेव्हा विद्यापीठाच्या नियतकालिकाने, हे सरकार भांडवलाचा हुकूम झेलणारे आहे, असे स्वच्छ शब्दांत लिहिले. त्याचे फळ ताबडतोब मिळाले. सरकारी अनुदान बंद झाले आणि आवारात बॉम्ब फुटले. १९७७ च्या मार्चमध्ये शेतमजुरांत काम करणारे पाद्री रुतिलिओ ग्रान्दे यांचा खून झाला. त्याच वर्षी एका हत्यारी टोळीने देशातील सर्व जेसुइटांना महिन्याच्या आत देश सोडण्याची, नाही तर मरण्यास तयार राहण्याची धमकी दिली. १९८० च्या मार्चमध्ये आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना प्रार्थनाविधी चालू असताना गोळी घालण्यात आली.

महाराष्ट्रातील वाचकाला या वादाचे मूळ परके वाटू नये. शेतकऱ्याच्या घामातून आलेल्या महसुलावर वरच्या वर्गांची मुले शिकतात आणि शेतकऱ्याच्या मुलासाठी शाळा नाही, हा हिशेब जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडला होता. विद्या कुणाच्या पैशावर चालते आणि कुणाच्या कामी येते, हा तो प्रश्न. ‘उका’तील प्राध्यापकांनी तोच प्रश्न आपल्या देशात विचारला. फुले यांना त्यासाठी निंदानालस्ती सोसावी लागली. सान साल्वादोरमध्ये शंभर वर्षांनी त्याची किंमत प्राणांनी मोजावी लागली.

मन आजारी की समाज आजारी?

मार्तिन-बारो यांचा जन्म १९४२ साली स्पेनमधील व्हायादोलिद शहरात झाला. तरुणपणीच जेसुइट संघात दाखल होऊन ते मध्य अमेरिकेत आले आणि तेथलेच झाले. मानसशास्त्राची पदवी त्यांनी ‘उका’तूनच घेतली. १९७९ साली शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते परतले. अशी पदवी हाती असलेल्या माणसाला अमेरिकेत सुखाची नोकरी कठीण नव्हती. ते परतले त्या वर्षी देश यादवीच्या उंबरठ्यावर होता. पुढे मानसशास्त्र विभागाचे प्रमुखपद आणि विद्यापीठाचे उपकुलगुरुपद सांभाळत असताना ते रविवारी हायाके नावाच्या डोंगराळ गावात जात, तेथील गरीब शेतकऱ्यांत पाद्री म्हणून काम करीत आणि मुलांना गिटार वाजवून दाखवीत. आठवडाभर वर्ग आणि कचेरी, रविवारी हायाके, हा क्रम त्यांच्या मानसशास्त्राच्या मुळाशी आहे.

कारण वर्गात शिकवावयाची पुस्तके बहुतांशी अमेरिकन होती. तेथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग, तेथील कारखान्यांच्या सोयीसाठी रचलेल्या चाचण्या आणि त्यांवरून काढलेले ‘मानवी स्वभावा’चे नियम साल्वादोरच्या विद्यार्थ्याने पाठ करावेत, अशी व्यवस्था होती. या नियमांत हायाकेचा शेतमजूर बसत नव्हता. बसलाच तर तो आळशी, दैववादी आणि महत्त्वाकांक्षा नसलेला म्हणून बसत असे.

मार्तिन-बारो यांनी नेमका हाच आळशीपणाचा दाखला तपासावयास घेतला. १९८७ साली लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी दाखवून दिले, की लॅटिन अमेरिकन माणसाचा म्हणून सांगितला जाणारा दैववाद हा त्याच्या रक्तातला गुण नाही. ज्याने कितीही राबले तरी कर्ज फिटत नाही, ज्याने तोंड उघडले की शेजाऱ्याचे प्रेत रस्त्यावर सापडते, त्याने ‘आपल्या हातात काही नाही’ असे म्हणणे हा मनाचा रोग नव्हे. ते त्याच्या अनुभवाचे अचूक सार आहे. मात्र हे सार एकदा मनात मुरले की ते मालकाच्या फार उपयोगी पडते. बंदूक रोज दाखवावी लागत नाही. म्हणून दैववाद घालवावयाचा तर केवळ शेतकऱ्याला उपदेश करून भागत नाही. त्याची परिस्थिती बदलावी लागते आणि ती बदलता येते याचा अनुभव त्याला संघटनेतून यावा लागतो. नशिबाला बोल लावणाऱ्या खेडुतापुढे ज्यांनी कधी सभा घेतली आहे, अशा कार्यकर्त्याला हे विवेचन समजावून सांगण्याची गरज नाही.

युद्धाच्या परिणामांविषयीही त्यांनी हीच दृष्टी ठेवली. भयाने झोप उडालेल्या मुलाला, मूक झालेल्या बाईला एकेकटे तपासून गोळ्या लिहून देणारे शास्त्र त्यांना अपुरे वाटले. जखम माणसामाणसांतील नात्याला झालेली आहे आणि ती जखम करणारी व्यवस्था शाबूत आहे, तोवर एकेकट्याचे बरे होणे अर्धेमुर्धेच राहणार, असे त्यांचे म्हणणे होते. १९८६ साली त्यांनी ‘मुक्तीचे मानसशास्त्र’ या कल्पनेची मांडणी केली आणि मानसशास्त्रज्ञापुढे तीन कामे ठेवली: जनतेची ऐतिहासिक स्मृती तिला परत मिळवून देणे, रोजच्या समजुतींवर चढलेली सत्ताधाऱ्यांच्या विचारांची पुटे खरवडणे आणि जनतेच्या अंगचे सद्गुण ओळखून त्यांच्या बळावर उभे राहणे.

हा विचार दूरदेशीचा आणि गतकालीन म्हणून बाजूला ठेवता येत नाही. भारतातील शिक्षणसंस्थांत विद्यार्थी आत्महत्या करतात तेव्हा उपाय म्हणून काय सुचवले जाते? समुपदेशन केंद्र, ताणतणाव व्यवस्थापनाचे वर्ग, ध्यानधारणा. २०२३ साली राजस्थानातील कोटा येथे वसतिगृहांतील पंख्यांना गळफास लावता येऊ नये म्हणून स्प्रिंग बसवण्याचा आदेश निघाला. पंख्याची दुरुस्ती झाली. मुलाला पंख्यापर्यंत नेणारी जीवघेणी स्पर्धा आणि तिच्यावर पोसलेला शिकवण्यांचा धंदा यांना हात लागला नाही. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात जानेवारी २०१६ मध्ये रोहित वेमुला या आंबेडकरी विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्याने जीव दिला तेव्हा त्याला वसतिगृहातून काढलेले होते आणि त्याचे विद्यावेतन थकलेले होते. अशा मृत्यूचे कारण मृताच्या मनात शोधणारे शास्त्र तटस्थ नसते. ते मारणाऱ्याच्या बाजूचे साक्षीदार असते. समुपदेशकाची गरज नाही असे कुणी म्हणणार नाही. परंतु समुपदेशकाने विद्यार्थ्याला सोसावयास शिकवावे आणि संस्थेला काहीच विचारू नये, ही वाटणी मान्य करता येणार नाही.

प्रश्नावलीची भीती

१९८० पासून एल साल्वादोरमध्ये फाराबुंदो मार्ती मुक्ती आघाडीच्या नावाखाली एकत्र आलेल्या गनिमी संघटना आणि लष्कर यांच्यात उघड युद्ध जुंपले. युद्धाच्या बारा वर्षांत अमेरिकेने सरासरी दिवसाला दहा लाख डॉलरहून अधिक मदत सरकारच्या पदरात टाकली. सुमारे ७५ हजार माणसे मेली. जनतेला लष्करी विजय हवा आहे आणि वाटाघाटी म्हणजे देशद्रोह, असे सत्ताधारी आणि त्यांची वृत्तपत्रे सांगत राहिली. या अवस्थेचे वर्णन मार्तिन-बारो यांनी तीन शब्दांत केले होते: समाजाची दोन तट्टांत फाळणी, जीवनाचे लष्करीकरण आणि संस्थात्मक खोटेपणा. या तिसऱ्या गोष्टीवर घाव घालण्यासाठी त्यांनी १९८६ साली विद्यापीठात लोकमत संस्था काढली.

संस्थेचे काम दिसावयास साधे होते. प्रश्न तयार करावयाचे, घरोघर जाऊन विचारावयाचे, उत्तरे मोजावयाची आणि छापावयाची. पण जेथे अनोळखी माणसाने दार वाजवले की घरातल्यांचा श्वास थांबतो, तेथे ‘युद्ध कसे संपावे असे तुम्हाला वाटते?’ हा प्रश्न विचारणे सोपे नव्हते. भयाने दिलेले उत्तर आणि मनातले उत्तर यांतील अंतर कसे ओळखावे, हा त्यांच्या अभ्यासाचाच एक विषय बनला. पाहणी म्हणजे समाजाला आपला चेहरा दाखवणारा आरसा, अशी त्यांची धारणा होती. आरशात दिसले ते असे, की बहुसंख्य लोकांना युद्ध नको होते, वाटाघाटी हव्या होत्या. जी गोष्ट प्रत्येकजण घरात दबक्या आवाजात बोलत होता, ती आपल्या शेजाऱ्यालाही वाटते हे आकड्यांनिशी कळले. खोटेपणावर चालणाऱ्या राजवटीला याहून मोठा धोका नसतो.

भारतीय वाचकाने येथे १९७५ ते १९७७ ची आणीबाणी आठवावी. वृत्तपत्रांची तोंडे बांधली, विरोधकांना तुरुंगात डांबले आणि सगळीकडून जयजयकारच ऐकू येऊ लागला. ज्या राजवटीने जनतेला मुकी केले तिला स्वतःलाच जनतेचे मन कळेनासे झाले, हे मार्च १९७७ च्या निवडणुकीने दाखवून दिले.

‘उका’चे कार्य केवळ पाहण्यांपुरते नव्हते. १९८५ साली कुलगुरू इग्नासियो एयाकुरिआ यांनी ‘राष्ट्रीय वास्तव’ या नावाचे खुले व्यासपीठ सुरू केले. विद्यापीठाच्या सभागृहात निरनिराळ्या पक्षांचे पुढारी, कामगार नेते आणि अभ्यासक येऊन देशाच्या प्रश्नांवर बोलू लागले. त्याच वर्षी समाजशास्त्राचे प्राध्यापक सेगुन्दो मोन्तेस यांनी मानवी हक्कांची संस्था काढली आणि युद्धामुळे परागंदा झालेल्यांची मोजदाद हाती घेतली. दुसऱ्या देशात हे सामान्य विद्यापीठीय कार्यक्रम ठरले असते. तेथे प्रत्येक व्याख्यान हे धाडस होते.

अशा कामाने विद्येची वस्तुनिष्ठता नष्ट होते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला मार्तिन-बारो यांचे उत्तर स्पष्ट होते. वस्तुनिष्ठता आणि निःपक्षपातीपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छळ करणारा आणि छळला जाणारा यांच्यामध्ये अंतर मोजून मधोमध उभे राहणे ही वस्तुनिष्ठता नव्हे. बाजू घ्यावी, परंतु तपासताना आकडा वाकवू नये, पुरावा लपवू नये. या कसोटीवर ते स्वतः उतरले. त्यांच्या पाहण्यांतून सरकारला अडचणीचे आकडे निघाले, तसे गनिमांना हवे होते तेवढे जनसमर्थन त्यांच्यामागे नाही हेही निघाले. ते लपवले गेले नाही. गनिमांनी नगराध्यक्षांचे खून केले तेव्हा ‘उका’ने त्यांचाही निषेध केला. डाव्या चळवळीतील ज्यांना विद्यापीठ म्हणजे आपले प्रचारखाते हवे असते, त्यांनीही हा धडा ध्यानात ठेवावा.

हिरवळीवरची पहाट

११ नोव्हेंबर १९८९ रोजी गनिमांनी राजधानीवर मोठी चढाई केली. सर्व नभोवाणी केंद्रे लष्कराच्या ताब्यात गेली आणि त्यांवरून एयाकुरिआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ठार मारण्याच्या धमक्या देशभर प्रक्षेपित झाल्या. १३ तारखेला सैनिकांनी जेसुइटांच्या निवासाची झडती घेतली. तेथे शस्त्रे सापडली नाहीत. १५ तारखेच्या रात्री, एयाकुरिआ यांना ठार करावे आणि एकही साक्षीदार मागे ठेवू नये, असा हुकूम लष्करप्रमुख कर्नल रेने एमिलिओ पोन्से यांनी दिला, असे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाने १९९३ साली नमूद केले.

हुकूम पार पाडणारी अत्लाकात्ल पलटण अमेरिकेने तयार केलेली होती. १९८१ च्या डिसेंबरात एल मोसोते गावी शेकडो स्त्रिया, मुले आणि म्हातारे कापून काढणारी पलटण हीच. एयाकुरिआ, मार्तिन-बारो, मोन्तेस, आमान्दो लोपेझ आणि हुआन रामोन मोरेनो या पाच जणांना बाहेर काढून हिरवळीवर पालथे निजवले आणि गोळ्या घातल्या. वृद्ध होआकिन लोपेझ इ लोपेझ यांना घरातच मारले. हा अन्याय आहे, असे मार्तिन-बारो यांनी ओरडून म्हटल्याचे शेजारच्या घरातून लुसिया सेर्ना या सफाई काम करणाऱ्या बाईने ऐकले.

घरात आणखी दोघी होत्या. एल्बा रामोस स्वयंपाकाचे काम करीत. त्यांची मुलगी सेलिना शाळेत शिकत होती. आपल्या राहत्या खोलीजवळ गोळीबार चालला म्हणून दोघी त्या रात्री पाद्रींच्या घरी सुरक्षित राहतील या आशेने आल्या होत्या. साक्षीदार नको म्हणून त्यांनाही मारले. एकमेकींना मिठी मारलेल्या अवस्थेत त्यांची प्रेते सापडली. एल्बाचे पती ओब्दुलिओ रामोस यांनी नंतर त्या हिरवळीवर गुलाबाची रोपे लावली. ती बाग आजही आहे.

सैनिकांनी गनिमांच्या बनावटीची बंदूक वापरली आणि खुनांची जबाबदारी गनिमांवर टाकणारी पाटी मागे ठेवली. ज्या संस्थात्मक खोटेपणाचा अभ्यास प्राध्यापक करीत होते, त्याचाच शेवटचा पुरावा त्यांच्या प्रेताशेजारी ठेवण्यात आला.

न्यायाचे सोंग

लुसिया सेर्ना यांनी सैनिकांना पाहिल्याचे सांगितले. त्यांना अमेरिकेत नेले गेले ते संरक्षणासाठी. तेथे मायामीत अमेरिकन तपास अधिकारी आणि एक साल्वादोरी लष्करी अधिकारी यांनी त्यांची इतकी उलटतपासणी केली, की भेदरून त्यांनी आपली साक्ष काही काळ मागे घेतली. अमेरिकन काँग्रेसचे सदस्य जो मोकली यांच्या समितीने चिकाटीने तपास केला नसता तर प्रकरण तेथेच मिटले असते. १९९१ च्या खटल्यात एक कर्नल आणि एक लेफ्टनंट दोषी ठरले. ज्यांनी गोळ्या झाडल्याची कबुली दिली होती ते सैनिक सुटले. सत्यशोधन आयोगाने आपल्याकडे आलेल्या तक्रारींपैकी सुमारे ८५ टक्के अत्याचारांची जबाबदारी सरकारी दलांवर आणि त्यांच्या साथीदारांवर टाकली. अहवाल प्रसिद्ध झाल्यावर पाच दिवसांत तेथील संसदेने सर्वांना माफी देणारा कायदा संमत केला. दोषी ठरलेले दोघेही बाहेर आले.

२०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. २०२० च्या सप्टेंबरात माजी उपमंत्री कर्नल इनोसेन्ते मोन्तानो यांना स्पेनमधील न्यायालयाने १३३ वर्षांची शिक्षा ठोठावली, ती हिरवळीवरच्या पाच जणांबद्दल. हे पाचही जण स्पेनमध्ये जन्मलेले होते. होआकिन लोपेझ, एल्बा आणि सेलिना हे एल साल्वादोरचे. त्यांच्या खुनाबद्दल त्या न्यायालयाला शिक्षा देता आली नाही. मरणानंतरही जन्मस्थान पाहून न्याय मिळतो, हे या प्रकरणाचे सर्वांत लाजिरवाणे प्रकरण आहे. स्वयंपाकीणबाईचा जीव सर्वांत स्वस्त ठरावा, ही व्यवस्था बदलण्यासाठीच तर ते प्राध्यापक लिहीत होते.

हौतात्म्य नको, पद्धत हवी

अशा माणसांना हुतात्मा म्हणून हार घालणे सोपे असते. हार घातला की त्यांचे प्रश्न आपल्याला विचारावे लागत नाहीत. महाराष्ट्रात नरेंद्र दाभोलकर आणि गोविंद पानसरे यांच्या स्मृतिदिनी जे होते त्यावरून हे पुष्कळांच्या ध्यानात आले असेल. सभा होते, मेणबत्त्या लागतात, आणि दुसऱ्या दिवशी कार्यकर्ता पुन्हा तयार उत्तरे घेऊन वस्तीत जातो.

मार्तिन-बारो यांची पद्धत उलट होती. ते वस्तीत प्रश्न घेऊन जात. जनतेच्या नावाने बोलणाऱ्या पक्षाला ही पद्धत अडचणीची वाटते, कारण जनता कधी कधी नको ते उत्तर देते. एल साल्वादोरमध्ये आज तोच पेच उभा आहे. राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांनी मार्च २०२२ मध्ये गुंडटोळ्यांच्या बंदोबस्तासाठी आणीबाणी लावली. ती महिन्या-महिन्याने वाढवत वर्षानुवर्षे चालवण्यात आली आणि ऐंशी हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले. ‘उका’ने या राजवटीवर कठोर टीका केली. तरीही मार्तिन-बारो यांनी स्थापन केलेल्या संस्थेच्या पाहण्यांत बुकेले यांना बहुसंख्यांचा पाठिंबा दिसला, तेव्हा संस्थेने तो आकडा जसाच्या तसा छापला. लोक असे का म्हणतात, टोळ्यांच्या खंडणीखाली जगलेल्या आईला ही दडपशाही दिलासा का वाटते, याचे उत्तर शोधल्याखेरीज विरोधी राजकारण उभे राहणार नाही. आकडा नाकारून तर नाहीच नाही.

भारतातील समाजवादी कार्यकर्त्यापुढे वेगळा पेच नाही. कष्टकरी माणूस आपल्याच हिताविरुद्ध मत का देतो, असे तो वैतागून विचारतो आणि उत्तरादाखल अज्ञान, पैसा, धर्माची अफू अशी नावे घेऊन मोकळा होतो. हेही ‘आळशी शेतकऱ्या’च्या सिद्धांताचेच भावंड आहे. माणसाच्या उत्तरामागे त्याचा अनुभव असतो. तो अनुभव ऐकून घेणे, मोजणे आणि मग त्याच्याशी वाद घालणे, हे कार्यकर्त्याचे काम. पक्षाच्या प्रत्येक शाखेने वर्षातून एकदा आपल्या भागातील शंभर घरांत वहीपेन्सिल घेऊन जावे. मजुरी, रेशन, शाळेची फी, कर्ज, भीती यांविषयी विचारावे आणि जे सापडेल ते, पक्षाला गैरसोयीचे असले तरी, आपल्या फलकावर लावावे. अध्यापक आणि विद्यार्थी सहानुभूतिदारांनी या कामाला आपले शास्त्र द्यावे. त्यासाठी कुणाचे अनुदान लागत नाही.

विद्यापीठाने तटस्थ राहावे असे सांगणाऱ्यांना मग एवढेच विचारावे: शंभर घरांत जाऊन लोकांना काय वाटते हे विचारणे, हे जर राजकारण असेल, तर ते न विचारणे हे कुणाचे राजकारण आहे?